कर हवा, कायदा नको!

सरकारने जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे आभासी चलनांच्या व्यवहारांवरील आयकरापोटी २०२२-२३ ह्या वर्षी सुमारे २६९ कोटी आणि २०२३-२४ ह्या वर्षी सुमारे ४३७ कोटी रुपये तिजोरीत जमा झाले. दोन वर्षांचे मिळून सातशे कोटी. ह्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. १८ जुलै २०२४ ह्या एकाच दिवशी वझीरएक्स नावाच्या एक्स्चेंजमधून, म्हणजे आभासी नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या पेढीमधून, ग्राहकांची सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. कर वसूल करताना ज्या राज्यसंस्थेला हा धंदा लख्ख दिसत होता, तिला चोरी झाल्यावर तो दिसेनासा झाला. हा प्रश्न ज्याच्या अखत्यारीत येतो असा नियंत्रक देशात नव्हता आणि ग्राहकाने कोणत्या कायद्याखाली दाद मागावी ह्याचे उत्तरही नव्हते.

कर हवा, पण कायदा नको, हे ह्या विषयातील सरकारी धोरणाचे सार आहे. ह्या धोरणाला अपघाती दिरंगाई म्हणण्याचा मोह पुष्कळांना होतो. प्रस्तुत लेखकाला तो होत नाही. जुगाराच्या अड्ड्यातील उत्पन्नात वाटा घ्यायचा आणि अड्ड्याची जबाबदारी मात्र नाकारायची, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत आहे. आज ती फक्त नव्या परिभाषेत अवतरली आहे.

टाळाटाळीचा इतिहास

रिझर्व्ह बँकेने आभासी चलनांच्या धोक्यांविषयी पहिला जाहीर इशारा दिला तो डिसेंबर २०१३ मध्ये. ६ एप्रिल २०१८ रोजी तिने बँकांना ह्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. जुलै २०१९ मध्ये सुभाषचंद्र गर्ग समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. समितीने संपूर्ण बंदीची शिफारस केली होती आणि दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद असलेला कायद्याचा मसुदाही सोबत जोडला होता. मसुदा कपाटात राहिला. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेची मनाई रद्द केली. अशी मनाई करण्याचा अधिकार बँकेला नाही असे न्यायालयाने म्हटले नव्हते. उपाय अपायाच्या प्रमाणात नाही, आणि बँकांना ह्या व्यवहारांपासून प्रत्यक्ष हानी झाल्याचे दाखवता आलेले नाही, एवढेच म्हटले होते. संसदेने कायदा केला असता तर प्रश्न तेथेच सुटला असता. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर विधेयकाचे नाव आले खरे, पण विधेयक सभागृहात आलेच नाही.

आला तो कर. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असे नवे नामकरण झाले, आणि तिच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर व विक्रीच्या रकमेवर १ टक्का उद्गम कर कपात लागू झाली. हा धंदा कायदेशीर ठरला का, असे राज्यसभेत विचारले गेले तेव्हा अर्थमंत्र्यांनी सांगितले की, आपण तूर्त त्याला मान्यताही देत नाही आणि बंदीही घालत नाही. नफ्यावर कर लावणे हा मात्र सार्वभौम सत्तेचा अधिकार आहे. सार्वभौमत्वाची ही व्याख्या नमुनेदार म्हणावी लागेल. सार्वभौम सत्तेला अधिकाराबरोबर कर्तव्यही असते, हा राज्यशास्त्राचा पहिला धडा तीतून गळाला आहे. ज्या आठवड्यात हे उत्तर दिले गेले त्याच्या पुढच्याच आठवड्यात रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर टी. रबी शंकर ह्यांनी जाहीर भाषणात ह्या चलनांची तुलना फसव्या साखळी-योजनांशी करून बंदीचा पुरस्कार केला. एकाच सरकारच्या छत्राखाली एक हात पेटी फिरवीत होता आणि दुसरा हात धोक्याची घंटा वाजवीत होता.

खेळणारा आणि अड्डेवाला

आता ह्या कराची रचना तपासू. सार्वजनिक राजस्व हा विषय अनेक वर्षे शिकवताना प्रस्तुत लेखक विद्यार्थ्यांना सांगत असे की, कराचा दर पाहण्याआधी कर कशावर आहे आणि कोणावर पडतो ते पाहावे.

समजा, एका तरुणाने वर्षभरात एका नाण्याच्या विक्रीत एक लाख रुपये मिळवले आणि दुसऱ्या नाण्यात एक लाख रुपये गमावले. त्याची प्रत्यक्ष कमाई शून्य. परंतु एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करण्यास कायद्याने मनाई आहे. तो तोटा पुढील वर्षी ओढताही येत नाही. सबब त्याने उपकरासह ३१,२०० रुपये कर भरावयाचा. कमाई नसताना लागणाऱ्या ह्या आकारणीला आयकर म्हणणे म्हणजे शब्दांचा दुरुपयोग आहे.

दुसरे उदाहरण. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत नोकरदाराला बारा लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. परंतु ज्याचे अन्य उत्पन्न काहीच नाही अशा विद्यार्थ्याला नाण्यांच्या विक्रीत वीस हजार रुपये मिळाले तर त्यावर तीस टक्के. कोट्यधीशालाही तीसच टक्के. ऐपतीप्रमाणे कर हे तत्त्व समाजवाद्यांनी प्रदीर्घ झगडा करून करव्यवस्थेत रुजवले. येथे ते एका फटक्यात बाजूला सारले गेले, आणि श्रीमंतांच्या चैनीवर जबर कर लावल्याचा आव मात्र आणला गेला.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. ही तीस टक्क्यांची आकारणी नाणी विकणाऱ्यावर आहे. एक्स्चेंज चालवणाऱ्या कंपनीला मिळते ती दलाली, आणि दलालीचे उत्पन्न हे साधे व्यावसायिक उत्पन्न. त्यातून पगार, जागेचे भाडे, संगणकांचा खर्च, क्रिकेटच्या सामन्यांतील जाहिरातींचा खर्च, सारे वजा होते. उरलेल्या नफ्यावर सवलतीचा मार्ग पत्करलेल्या देशी कंपनीला मूळ दर पडतो २२ टक्के. खेळणारा हरो वा जिंको, अड्डेवाल्याची दलाली सुटत नाही. शिवाय दलालीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तोही अखेर ग्राहकाच्याच खिशातून. एवंच, हरणाऱ्यावर कर ३० टक्के, तोही तोटा न जमेस धरता. आणि अड्डेवाल्यावर २२ टक्के, सर्व खर्च वजा जाता! आभासी चलनांना आवर घालणारा कडक कर म्हणून ज्याची वाखाणणी झाली, त्याचे खरे स्वरूप हे आहे.

एक टक्का उद्गम कर कपातीचाही असाच विपर्यास झाला. व्यवहारांचा माग राहावा हा तिचा सांगितलेला हेतू योग्यच होता. परंतु ही कपात नफ्यावर नव्हे, विक्रीच्या संपूर्ण रकमेवर होते. सर्व भांडवल सत्तर वेळा फिरवणाऱ्याची निम्मी रक्कम, परतावा मिळेपर्यंत, सरकारजमा होते. मग फिरवाफिरवी करणारा कपात न करणाऱ्या परदेशी एक्स्चेंजकडे वळला तर नवल कसले? डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय गुप्तवार्ता विभागाला नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा द्याव्या लागल्या. त्यांतील बायनान्स ही बलाढ्य कंपनी जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाख रुपयांच्या दंडाची धनी झाली. नोंदणी करून धंदा करण्याचा मार्ग मात्र तिला मोकळा आहे. म्हणजे माग ठेवण्यासाठी लावलेल्या करामुळेच माग पुसला जाऊ लागला.

हिशेबाच्या वहीतील प्रश्न

आपल्या कार्यकर्त्यांना हिशेबशास्त्र हा रुक्ष विषय वाटतो. परंतु मालमत्ता कोणाची, हा समाजवादाचा मूळ प्रश्न ताळेबंदातच लिहिला जातो, किंवा लपवला जातो.

ग्राहकाने एक्स्चेंजकडे ठेवलेली नाणी कोणाची? ग्राहकाची असतील तर कंपनी केवळ विश्वस्त ठरते. कंपनीच्या ताळेबंदातील असतील तर ग्राहक हा केवळ धनको, आणि दिवाळे निघाल्यास रांगेत उभा राहणारा. अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये तेथील रोखे नियंत्रकाने सांगितले की, दुसऱ्याची नाणी सांभाळणाऱ्या कंपनीने ते दायित्व आपल्या ताळेबंदात दाखवलेच पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये, राज्यकर्ते बदलताच, हा दंडक मागे घेण्यात आला. हिशेबाचे नियम म्हणजे निव्वळ तांत्रिक बाब असे मानणाऱ्यांनी ह्या दोन तारखा लक्षात ठेवाव्यात.

आंतरराष्ट्रीय लेखामानकांच्या अर्थविवरण समितीने जून २०१९ मध्ये निर्णय दिला की, विक्रीसाठी बाळगलेली आभासी चलने मालसाठा समजावीत, अन्यथा अमूर्त मालमत्ता. म्हणजे पेटंट किंवा व्यापारचिन्ह ज्या रकान्यात बसते तेथेच बिटकॉइन! आपल्याकडे ह्या विषयावर स्वतंत्र लेखामानक नाही. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन, कंपन्यांनी अशा व्यवहारांतील नफा-तोटा, वर्षअखेरची शिल्लक आणि ह्या कामासाठी इतरांकडून घेतलेल्या ठेवी वा आगाऊ रकमा जाहीर कराव्यात, असे ठरले. पाऊल चांगले होते. परंतु ते कंपन्यांपुरतेच. भागीदारी पेढी त्यातून मोकळी. आणि नुसत्या जाहीर करण्याने ठेवी सुरक्षित होत नाहीत. ग्राहकाची नाणी वेगळी ठेवलीच पाहिजेत, ती गहाण टाकता कामा नये, हा दंडक कोठे आहे?

दंडक नसला म्हणजे काय होते ते जगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्सच्या दिवाळ्यात पाहिले. ग्राहकांचे अब्जावधी डॉलर मालकाच्याच दुसऱ्या सट्टेबाज पेढीकडे वळवले गेले होते. दिवाळखोरीनंतर नेमलेल्या अधिकाऱ्याने साक्ष दिली की, एवढ्या अवाढव्य कंपनीचे हिशेब छोट्या दुकानदारांसाठी बनवलेल्या संगणक-प्रणालीवर ठेवले जात होते. तिच्या संस्थापकाला मार्च २०२४ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. त्याला शिक्षा देता आली, कारण तेथे ती देणारा कायदा आणि ती मागणारी यंत्रणा होती.

तोट्याचे सामाजिकीकरण

आपल्याकडे काय घडले? वझीरएक्समधील चोरीनंतर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया ह्यांनी संयुक्त निवेदनात तिचा ठपका उत्तर कोरियाच्या हस्तकांवर ठेवला. चोर कोणीही असो, चोरीनंतरचा तोटा कोणी सोसावा हा प्रश्न देशातला आहे. कंपनीने जुलै २०२४ च्या अखेरीस योजना मांडली की, प्रत्येक ग्राहकाला ५५ टक्के नाणी मोकळी व्हावीत आणि ४५ टक्के अडकून राहावीत; ज्याची नाणी चोरीस गेलीच नव्हती त्याचीही. आणि ह्या योजनेला तिने नाव दिले ‘तोट्याचे सामाजिकीकरण’!

हा शब्द आपला आहे. उत्पादनसाधनांच्या सामाजिक मालकीसाठी आपल्या पिढ्यांनी तो वापरला. नफा खासगी असताना केवळ तोट्यापुरता समाज आठवणाऱ्यांच्या तोंडी तो शोभत नाही. दलालीचे सामाजिकीकरण करण्याची कल्पना चांगल्या दिवसांत कोणाला सुचल्याचे ऐकिवात नाही. टीकेनंतर योजनेचा तपशील बदलत गेला, पण तोटा ग्राहकांनी वाटून घ्यावा हे सूत्र कायम राहिले.

मुळात ही कंपनी कोणाची, हेही ग्राहकाला ठाऊक नव्हते. बायनान्सने नोव्हेंबर २०१९ मध्ये वझीरएक्स विकत घेतल्याचे जाहीर केले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने तिची ६४ कोटी ६७ लाख रुपयांची बँकशिल्लक गोठवताच बायनान्सच्या प्रमुखांनी सांगितले की, ती खरेदी कधी पूर्ण झालीच नव्हती. वझीरएक्सच्या संस्थापकांनी नेमके उलट सांगितले. मालकीचा हा वाद मिटण्यापूर्वीच चोरी झाली. मग प्रकरण गेले सिंगापूरच्या न्यायालयात, कारण मूळ कंपनी तिकडे नोंदलेली. भारतीय ग्राहकाची, भारतीय रुपयांत घेतलेली, भारतात कर कापलेली नाणी. आणि त्यांच्या वाटपाचा निवाडा सिंगापुरात! तेथील मंजुरी मिळून व्यवहार पुन्हा सुरू होईपर्यंत ऑक्टोबर २०२५ उजाडला. आभासी नाण्यांतील ठेवी सुमारे पंधरा महिने अडकून होत्या.

दरम्यान चौपन्न पीडित ग्राहक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. हा धोरणाचा विषय आहे असे सांगून एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. त्याच न्यायालयाने पुढच्याच महिन्यात एका वेगळ्या प्रकरणात, हा व्यापार म्हणजे हवालाचेच सफाईदार रूप आहे असे म्हणून, स्पष्ट धोरण का नाही असे केंद्राला विचारले. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका ग्राहक महिलेच्या अर्जावर निर्णय दिला की, अशी नाणी ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्त म्हणून सांभाळता येते. संसदेने एका कलमात सांगावयाची गोष्ट एका महिलेला न्यायालयात भांडून मिळवावी लागली.

आणि महसुलाचा प्रश्न आला तेव्हा? ह्याच कंपनीच्या वह्या उघडून मुंबईच्या वस्तू व सेवा कर अधिकाऱ्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये चुकवलेला कर, व्याज व दंड मिळून ४९ कोटी २० लाख रुपये वसूल केले. नाण्याच्या रूपात घेतलेली दलालीसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटली नाही. अधिकारी निष्णात होते, ह्यात शंका नाही. सरकारचे घेणे शोधायला ही नजर पुरते. ग्राहकाचे घेणे शोधायला ती कधी नेमलीच गेली नाही.

अकोल्याचा धडा

हा काही आपल्या देशातील पहिलाच प्रसंग नव्हे. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यानंतर संसदेने १९६१ मध्ये ठेवविमा महामंडळाचा कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. सुरुवातीला ते दीड हजार रुपयांपुरते होते. आज पाच लाखांपर्यंत आहे. कमकुवत बँकांच्या विलीनीकरणाचे अधिकारही त्याच सुमारास वाढवण्यात आले. तेव्हाचे राज्यकर्ते समाजवादी होते असे नव्हे. ठेवीदाराचा पैसा बुडाल्यावर कायदा करावा लागतो, एवढे त्यांना कळत होते.

आजच्या राज्यकर्त्यांना वेळ नाही म्हणावे, तर तसेही नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत संमत झाले. त्या खेळांवरही २०२३ पासून २८ टक्के कर घेतला जात होताच. मनात आणले तर दोन दिवस पुरतात. मनात नसेल तर २०१३ पासूनची वर्षेही अपुरी पडतात.

दोन आक्षेप

आपल्यातील काही साथी म्हणतात, हा श्रीमंतांच्या पोरांचा खेळ आहे. आपण त्यात कशाला पडावे? त्यांनी गेनबिटकॉइन प्रकरण आठवावे. अठरा महिने दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवून गोळा केलेल्या त्या पैशाचा तपास महाराष्ट्रात पुणे पोलिसांनी केला आणि २०१८ मध्ये मुख्य सूत्रधाराला अटक झाली. एवढेच नव्हे, तर तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच जप्त नाण्यांत अफरातफर केल्याच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये अटक झाली. पुढे तपास हाती घेतलेल्या केंद्रीय अन्वेषण विभागाने फसवणुकीची व्याप्ती ६,६०० कोटी रुपयांची सांगितली. एवढा पैसा केवळ बंगल्यांतून येत नसतो. नोकरी न मिळालेला पदवीधर आणि निवृत्तीची पुंजी हाती असलेला कारकून हेच अशा आमिषांचे खरे गिऱ्हाईक. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर मुंबईत आकडा लागत असे, तेव्हाही लावणारा गिरणी कामगारच होता.

दुसरा आक्षेप तरुणांचा. बँका आणि सरकार ह्यांच्या जोखडातून हे चलन मुक्ती देते, असे ते म्हणतात. मध्यस्थावाचून पैशाची देवघेव ही २००८ च्या मूळ निबंधातील कल्पना खरोखरच आकर्षक होती. परंतु आजचा सामान्य ग्राहक नाणी घेतो ती मध्यस्थामार्फतच. बँक नको म्हणून तो ज्याच्याकडे गेला, तो मध्यस्थ बँकेहून मोठा आहे, आणि त्याला बँकिंग कायदा लागू नाही. ही मुक्ती मध्यस्थाची झाली, ग्राहकाची नव्हे.

आपली मागणी

एक्स्चेंजवाल्यांची संघटित मागणी कर कमी करा एवढीच आहे. त्या मागणीमागे आपण जाण्याचे कारण नाही. आपली मागणी पुढीलप्रमाणे असावी.

पहिली, ग्राहकाची नाणी व रक्कम ही विश्वस्त-मालमत्ता आहे आणि कंपनीच्या कोणत्याही धनकोचा तिच्यावर हक्क नाही, असे संसदेने कायद्याने सांगावे. दुसरी, ह्या धंद्याला एकच नियंत्रक नेमावा, आणि भारतीय ग्राहकांचे दावे भारतीय न्यायालयातच चालतील अशी परवान्याची अट असावी. तिसरी, कंपनी असो वा भागीदारी पेढी, सर्वांना लागू असे लेखामानक करावे. शिलकीबरोबर देणेही तपासणारे लेखापरीक्षण दर वर्षी व्हावे, आणि मालकी कोणाची हे ताळेबंदात स्पष्ट लिहावे. केवळ शिल्लक दाखवणारे दाखले म्हणजे लेखापरीक्षण नव्हे. चौथी, खेळणाऱ्यावर कर त्याच्या निव्वळ नफ्यावर व उत्पन्नाच्या पायरीप्रमाणे असावा. जबर आकारणी असावी ती एक्स्चेंजच्या दलालीवर आणि जाहिरातींवर. पाचवी, भविष्यनिर्वाह निधी आणि सहकारी बँकांच्या ठेवी ह्यांचा एक पैसाही ह्या बाजारात जाऊ नये.

बंदी घालावी असे ज्यांचे मत आहे त्यांचा प्रस्तुत लेखक आदर करतो. त्यांनी ते मत संसदेत विधेयक म्हणून मांडावे. बंदी हे एक प्रामाणिक धोरण आहे, कठोर नियंत्रण हे दुसरे. दोन्ही टाळून नुसता वाटा घेत राहणे, ह्याला धोरण म्हणता येत नाही.

हा विषय शहरातील संगणकवाल्यांचा म्हणून आपण सोडून दिला, तर उद्या तालुक्याच्या गावी फसलेला तरुण आपल्याच कार्यालयाच्या पायरीवर येणार आहे. तो कर भरल्याची पावती दाखवील आणि विचारील, कर घेणाऱ्याने माझे रक्षण का केले नाही? हा प्रश्न त्याच्याबरोबर संसदेच्या दारापर्यंत नेणे हे आपले काम आहे, आणि ते पुढची चोरी होण्यापूर्वी सुरू झाले पाहिजे.